शेवटच्या कडव्यातली हाक

बारावीला मराठीच्या सरांनी युद्धाविरुद्धची एक कविता फळ्यावर उतरवली, तेव्हा मी मनातून खूश झाले. अलंकार ओळखण्यात माझा हात धरणारं दिग्रसच्या आमच्या कॉलेजात कोणी नव्हतं. अब्बांचं बसस्टँडसमोर पंक्चरचं दुकान, घरात बोलणं उर्दू, पण मराठीच्या पेपरात पहिली मीच. त्याचा तोराही भरपूर होता.

कविता एका आईची होती. पोरगा लढाईवर गेलेला. प्रत्येक कडव्यात ती त्याला घरातलं काहीबाही सांगते आणि शेवटी हाक मारते, 'घरी ये रे'. शेवटच्या कडव्यात नुसते त्याचे बूट घरी येतात, आणि तिथे हाक नसते. मी धडाधड सांगून टाकलं: पुनरुक्ती, उपरोध, शेवटी मौन. सर खूश झाले. मग भाव आणून वाचायला त्यांनी माझ्या शेजारच्या मैत्रिणीला उभं केलं, कारण तिचा गळा गोड होता.

ती बंजारा तांड्यावरची. कापसाला भाव मिळेना म्हणून त्या वर्षांत तांड्यावरची पोरं भरतीला पळत होती. तिचा थोरला भाऊ तसाच फौजेत गेलेला. सीमेवर वातावरण तापलं होतं आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता.

"मले नाही वाचायचं, सर."

"कायले लाजून राह्यली?"

"लाजत नाही. अशी रडून हाक मेलेल्याले मारतेत आमच्यात. माहा भाऊ जिता हाये."

सरांनी तिला बसवलं. मधल्या सुट्टीत मी शहाणपणा करायला गेले, "अगं, कविताच तं हाये!" त्या दिवशी तिने डबा माझ्यापुढे सरकवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उभी राहिली. "आईले इचारलं, सर. ढावलोच्या सुरात चालते म्हणे. तो जित्यासाठीच असते."

ढावलो म्हणजे नवरीचं रडणं, हे तिनेच आम्हाला सांगितलं. थोरल्या बाया लग्नाआधी मुलींना ते शिकवतात. निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून, हाका मारत, सुरात रडते.

तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि सुरुवात केली. काय सांगू! पुनरुक्ती हा शब्द मी शंभरदा लिहिला असेल, पण तीच हाक दरवेळी थोडी लांबते, थोडी थकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. पहिल्या कडव्यात हाक अंगणात खेळणाऱ्या पोराला बोलवावं तशी होती. पुढे पुढे पोरगा दूर जात राहिला आणि आवाज त्याच्यामागे धावत राहिला. रोज हिच्याच डब्यातली चटणी मी खात होते, आणि हिच्यात हे एवढं होतं! बाहेर कापूस घेऊन जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न चालूच असणार, पण वर्गात एकानेही मान वळवली नाही.

शेवटचं कडवं आलं. बूट घरी आले. आता मौन, मी मनात म्हटलं. ती थांबली, श्वास घेतला, आणि कवितेत नसलेली हाक तिने सगळ्यात उंच मारली, "भिया!" तिच्या बोलीत भिया म्हणजे थोरला भाऊ.

सरांनी खडू खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "पोरी, इथं तं कवीनं हाक नाही ठेवली."

ओढणीने डोळे पुसत ती म्हणाली, "त्या मायची हाक सरली असंल, सर. मी कायले थांबू?"