आधी सांग, बहीण कुठं दिली?

मुश्ताक वकील गेल्याचं मला चिखलीच्या बसस्टँडवर कळलं. हातात आमच्या संघटनेची पत्रकं होती, 'बहिणीचा हिस्सा ही भीक नाही' अशा मथळ्याची. फोनवर माझी मैत्रीण संगीता नुसती रडत होती. "चाचा गेले गं... सकाळी नमाजले उठले, अन् बसल्या जागी..."  कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून आम्ही दोघी घरात चाचींजवळ बसलो. बाहेर गल्लीत माणूस मावत नव्हता. जागा घेणारे, दुकान टाकणारे, लग्नाचे फोटो काढणारे, स्वतःची गाणी मोबाईलवर टाकणारी पोरं... सगळे चाचांचे पक्षकार. सगळ्यांना त्यांचा सल्ला एकच असायचा : सही करायच्या आधी, गप्प कोण बसलंय ते पाहा. त्या गाणाऱ्या पोरांना ते म्हणाले होते, "करार करून राह्यले, चांगलं हाय. पण हा ढोलकीवाला काऊन बोलत नाही बे? त्याले इचारलं काय?"

संगीताला त्यांच्याकडं मीच नेलं. तिला लाकडी घाण्याचं तेल काढायचं होतं आणि त्यासाठी स्वतःची जागा हवी होती. चिखलीबाहेर रस्त्याला लागून एक जागा मिळाली. सातबारा साफ, एकट्या मालकाचं नाव. तिनं कागद चाचांच्या टेबलावर ठेवले, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "कागद पाहू मंग. आधी सांग, ह्याची बहीण कुठं दिली?" संगीता हसायला लागली. "चाचा, जागा घ्यायची हाय, सोयरीक नाही करायची!" चाचा हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, सातबारा एकट्याचा असंल. बाप एकट्याचा होता काय?"

बहीण होती. शोभाताई, डोणगावला दिलेली. बाप वारल्यावर भावानं वारसांत तिचं नावच लावलं नव्हतं. आमच्याकडं हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात चोरी दिसत नाही. आणि नाव लागलंच, तर दिवाळीला बहिणीला बोलवायचं, साडी नेसवायची, पाटावर बसवून पुढं कागद धरायचा. त्या कागदाला म्हणे हक्कसोडपत्र. सोडतं कोण? सोडवून घेतात! वर तिनं राजीखुशीनं दिलं म्हणून गावभर सांगतात.

चाचा आम्हाला एस.टी.नं डोणगावला घेऊन गेले. शोभाताई नवऱ्यासमोर एवढंच म्हणाल्या, "भाऊ म्हणंल तसं." चाचांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, जरा बाहेर बसता काय? माहेरचं बोलणं हाय." जावईबापूंनी विचारलं, "तुमी कोणते माहेरचे, चाचा?" "हिच्या बापाचं खरेदीखत म्याच केलं होतं. आज तो नाही. मंग मी हावो." माणूस गुमान उठून अंगणात गेला. मग चाचांनी विचारलं, "शोभा, तुले काय पाहिजे?"

ती बाई जमिनीकडं पाहतच म्हणाली, "मले हे कोणी इचारलंच नव्हतं." आणि मान वर करून, "हिस्सा पाहिजे चाचा. पण भाऊही पाहिजे."

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीकडं तोंड करून बसले होते. एकदाच बोलले. "अर्ध्या गोष्टीचा कायदा हाय, पोरी. अर्ध्याचा नाही."

त्यांनी शोभाताईंचा अर्ज दिला, सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं. भावानं संगीताशी व्यवहार मोडला आणि बहिणीशी बोलणं टाकलं. भाऊबीज बंद. संगीताचा घाणा आजही भाड्याच्या टिनाखाली आहे. "चांगल्या वकिलाकडं नेलं तू मले!" असं ती मला किती दिवस ऐकवायची. मीही चाचांशी भांडले. असं एकेका घरी चहा पीत कधी बदलणार हे? मोर्चा काढा, तहसीलवर बसा! चाचांनी माझं पत्रक वाचलं, घडी करून परत दिलं. "काढ मोर्चा, म्याही येतो. पण तू ह्यात 'बहिणी' लिहितं. एकदा 'शोभा' लिहून पाह्य, हात थांबते का नाही तं." मला राग आला होता. आता वाटतं, हे मला असं तोंडावर ऐकवणारं कुणी उरलं नाही.

परवा शोभाताईंचा फोन आला. भावाला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. तो साडी आणि हक्कसोडपत्र घेऊन येणार होता. "म्या त्याले सांगून राह्यली, चाचाले इचारतो मंगच सही करतो. पण चाचाचा फोन लागत नाही. काऊन लागत नाही वो?" मला फोनवर सांगवेना. "येते मी," म्हटलं आणि निघाले.

पोचले तर भाऊ बाहेरच्या खोलीत बसलेला, शेजारी साडीची पिशवी. शोभाताई चुलीपाशी चहा गाळत होत्या. माझ्या मागं दाराकडं पाहत म्हणाल्या, "चाचा मांगून येऊन राह्यले ना? त्याईचा बिनसाखरेचा वेगळा काढला."

मग मी सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. चहावर साय धरली. बाहेरून भावानं हाक दिली, "शोभे, किती वेळ?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, "तू इचार मले. त्याईनं इचारलं होतं तसं."

"शोभाताई," मी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी चाचांचा तो बिनसाखरेचा कप उचलला, उभ्याउभ्या सगळा प्यायल्या, आणि भावाला नाही म्हणायला बाहेर गेल्या.