गुळाचा खडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी एकूण एक खोड पाठ होती.

मी अमरावतीचा, वकिलाचा मुलगा. नवाकोरा डॉक्टर होऊन अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला लागलो, तेव्हा पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. तिथे कापसाची धूळ इतकी उडे की बायकांच्या पापण्या पांढऱ्या होत. संध्याकाळी प्रत्येकीला गुळाचा एक खडा मिळे. गूळ खाल्ला की गळ्यातला कापूस पोटात उतरतो, असा सगळ्यांचा समज. मालकाचाही.

माझा नव्हता. कसा असेल? मी शिकलो होतो ना! धूळ गळ्यात बसत नाही, खाली श्वासनळीत उतरते. तिथलं आतलं नाजूक अस्तर सुजतं, चिकट होतं, वर्षानुवर्षं जाड होत जातं — आणि हवेची वाट अरुंद होते. गूळ तिथवर पोचतच नाही.

सरूबाई कापूस पसरायच्या कामावर होती. आठवडी सुटीनंतर कामावर आली की त्याच दिवशी तिची छाती आवळायची, मग हळूहळू सुटायची. मुकादम म्हणे, सोंग करते. पण मला खूण पटली होती — सुटीत जरा निवलेलं अस्तर धूळ लागताच पुन्हा चवताळत होतं.

"डाक्टरसाब, मले लय दम लागून राह्यला. काम सोडू का? तुमी सांगसान तसं करतो."

धुळीचं नाव काढायचं नाही, असं मॅनेजरनं मला बजावलं होतं. पण त्या वेळी तो खोलीत नव्हता. कुणीच नव्हतं. मग मी कुणाला भ्यालो?

"काही नाही बाई," मी म्हणालो. "गूळ दोनदा खात जा."

तिनं ऐकलं. आठ वर्षं ऐकलं.

शेवटी तिला आडवंही होता येईना. मी घरी गेलो, तेव्हा भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडले होते. तशातही लेकीला म्हणाली, "गंगे, डाक्टरसाबले गूळ-पानी दे." मी तो गूळ खाल्ला. हो, खाल्ला.

दिवाळीआधी सरूबाई गेली. मला फार रडू आलं, पण ते काय कामाचं?

हंगाम सुरू झाला, तशी आईच्या जागेवर गंगा आली. पदराची गाठ सोडून तिनं मला खडा दाखवला. "मायनं सांगतलं होतं, गूळ इसरू नोको म्हने. बरोबर हाय ना, डाक्टरसाब?"

मी मान हलवली. बरोबर आहे, म्हटलं.