वरची टाकी आणि तेलाचा डबा

शाळा माझी चौथीपर्यंत. पण खंडाळ्याच्या त्या हॉटेलात पाणी सोडायचं काम मी इतकी वर्षं केलं की बोटाच्या पेरांनी टाकी वाजवली की पाणी कुठवर आहे ते सांगायचो. भरली टाकी दबकं बोलते, रिकामी ढणढणते. पंपाच्या खोलीची चावी माझ्या करगोट्याला.

उन्हाळ्यात मॅनेजरनं टाक्यांवर, पंपांवर, गिझरवर यंत्रं बसवून घेतली. पुण्याच्या मॅडमनी समजावलं, "आबा, टाकीतला सेन्सर पाण्याची उंची मोजतो. बाहेरची ही पेटी तो आकडा नेटवर पाठवते. सगळ्या इमारतींचे आकडे एकाच पडद्यावर दिसतात. पाणी कमी झालं की मोबाइलवर इशारा."

"आन् इशारा न्हाई आला तर?"

"तर पाणी आहे," मॅनेजरच मधे बोलला. "आता पडदा सांगेल तेव्हाच पंप. चावी द्या, आबा." दिली. त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पाऊस लागला. एका सकाळी वरच्या टेकाडावरची टाकी वाजवली, तर ढणढण. तसाच खाली आलो. "साहेब, वरची टाकी रिकामी हाय. चावी द्या."

त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. "ऐंशी टक्के. कान दाखवून घ्या एकदा."

"काल बी ऐंशीच व्हतं. पाव्हणं काय कोरडंच न्हात्यात?"

त्यानं पडदा पुन्हा निरखला. मग त्यानं मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला.

"पेटी गप्प झाली की पडदा शेवटचा आकडाच धरून बसतो, आबा," त्या म्हणाल्या. "वर जाऊन बघा बरं, पेटीवर काही पत्र्याचं आहे का. पत्र्यातून नेट जात नाही."

फोन कानाला लावून वर गेलो. पेटीवर तेलाचा डबा उपडा होता. परवा मीच कापून, तारेनं बांधून बसवलेला. आमच्याकडं पावसाआधी जळण झाकतात, मोटर झाकतात. पेटी भिजताना मला बघवली नाही.

"आहे का काही?"

"न्हाई," म्हणालो, आणि एका हातानं तार सोडवली. डबा खडाडला.

"कसला आवाज?"

"टाकी वाजवतुया."

खालून मॅनेजरची हाक आली, "आबा! लाल झालं! चार टक्के!"

"मग मी सकाळधरनं काय बोंबलतोय?"

चावी घेऊन तो भिजत वर आला. कानाबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही डब्याबद्दल बोललो नाही. तो मागं झुडपात टाकला होता.

आता आकडा किती वाजता आला तेही पडद्यावर दिसतं. मॅडमनी तसं करून घेतलं. मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, मशीन चुकली, आबा चुकले नाहीत. तेवढं ऐकलं की मला झुडपातला डबा आठवतो, अन् मी उठून टाकीकडं जातो.