लांब तंतूंची दुपार

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. आधी ती सूतगिरणीत कापसाच्या तंतूंची लांबी तपासायची. गिरणीला टाळं लागलं आणि तिला इथे काम मिळालं. इथेही लांबीच बघायची, पण काचेच्या तंतूंची, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. श्वासातून आत गेलेल्या आखूड तंतूंना फुप्फुसातल्या पेशी गिळून टाकतात, लांब मात्र त्यांना गिळवत नाहीत. धोका नेमका कोणत्या लांबीपासून, हे शोधायला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दोन्ही वेगळे हवे असत. ताई तंतू हवेत उधळून एका नळीतून सोडायची. विजेच्या जोरावर लांब तंतू नळीच्या भिंतीला चिकटत, आखूड पुढे निसटत.

घरी आई खोकत असायची. तिचीही हयात गिरणीतच गेलेली. "धुळीतून सुटलीस म्हटलं, तर तू मुद्दाम धूळ करायला गेलीस."

"बंद नळीत करते गं."

त्या दुपारी नळी बंद राहिली नाही. चिकटलेले लांब तंतू सोडवायला ताईने वीज बंद करून हवेचा झोत सोडला आणि सांध्यातलं रबर फाटलं. दिसलं काहीच नाही, फक्त दाबाचा काटा धाडकन खाली आला. तिच्या तोंडावर मास्क होता. कोपऱ्यात पंख्याची वायर जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियन दादांनी मात्र चष्म्यावर वाफ धरते म्हणून आपला मास्क हनुवटीवर ओढला होता.

"दादा, श्वास धरा."

"का, काय झालं?"

"बोलू नका. धरा."

तिने झोत बंद केला, त्यांचा मास्क वर चढवला. दादा दाराकडे धावले. ती आडवी उभी राहिली.

"सर ना बाजूला. घरी माझी पोरगी रांगतेय अजून."

"म्हणूनच सांगते. हेच कपडे घालून तिला उचलणार का?"

दादा जागच्या जागी थिजले. ताईने फवाऱ्याने त्यांचे केस, खांदे, बाह्या भिजवल्या, मग स्वतःचे. धूळ उडू नये म्हणून दोघं हलतही नव्हती. काचेपलीकडे मॅडम हवा खेचणारं यंत्र पूर्ण जोरात लावून खुणेने "थांबा" सांगत होत्या. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांना हात उचलवेना.

हवा निवळल्यावर कपडे पिशवीत बंद झाले, दोघांनी अंघोळ केली. खोलीतल्या हवेच्या नमुन्यात लांब तंतू सापडले. दादांनी मॅडमना सरळ विचारलं, "माझ्या आत किती गेले?"

"थोडेच असावेत. पण पुढे काय होईल, ते मला खरंच सांगता येत नाही."

ताईने काम सोडलं नाही. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आता झोत सोडताना ताई खोलीत दुसऱ्या कुणालाही थांबू देत नाही. दादांच्या छातीचा फोटो दरवर्षी काढतात. आजवर तो स्वच्छ आला आहे. निकाल कळला की ते आधी ताईला फोन करतात, मग बायकोला. तो फोन येईपर्यंत ताईला घास गोड लागत नाही.