जे जमले नाही तेही दाखवणाऱ्या कुसुमताई

प्रा. कुसुमताई पाटील यांना मी प्रथम पाहिले ते एका रुग्णाचे केस धुताना. लोणखेड्याच्या महाविद्यालयात त्या अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी मेंदूच्या संकेतांवर चालणारा हातमोजा तयार करत आहेत, एवढे ऐकून मी तेथे गेले होते. मी नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. प्रयोगशाळेत एक बाई पदर खोचून नवापूरच्या यूसुफचाचांच्या डोक्यावर कोमट पाणी घालत होत्या. तारांची टोपी बसवताना लावलेले जेल केसांत राहिले तर खाज सुटते, म्हणून.

"पाटील मॅडम कुठे भेटतील?" मी विचारले.

"भेटल्या की. तो टॉवेल द्या जरा," ताई म्हणाल्या.

ताई तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकून, मोठ्या शहरांत नोकरी करून त्या आपल्या भागात परतल्या. यूसुफचाचा हाडाचे सुतार. झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांनी मूठ उघडायचे मनात आणले की टोपी तो संकेत टिपायची आणि मोजा बोटे उघडायचा. या सरावाने बोटांत हळूहळू जीव येत होता. सगळे काम सरकारी अनुदानावर चालले होते आणि अनुदानाची मुदत संपत आली होती.

मुदतवाढीचा निर्णय घ्यायला समिती आली ती ऐन उन्हाळ्यात. पाहुण्यांसमोर चाचांना टोपी घातली, आणि मोजा काही हलेना. चाचा घामाघूम झाले.

"ताई, मन्हा हात आज मन्हं ऐकी नही ऱ्हायना." ते म्हणाले.

"नही ऐकस ते नही ऐकस. तुमनी काही चूक नही, चाचा," असे म्हणून ताईंनी टोपी काढली आणि आधी त्यांना पाणी दिले.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य समजुतीने म्हणाले, "मागच्या सरावाचं चित्रीकरण असेल ना? तेच दाखवा. आजचं सोडून देऊ."

"चित्रीकरण दाखवते, सर. पण आजचंही अहवालात लिहा," ताई म्हणाल्या. "पैसा लोकांचा आहे. न जमलेलं आम्ही झाकलं, तर दुसरीकडे कुणीतरी याच चुकीवर पुन्हा लोकांचाच पैसा घालेल."

ताई त्याहूनही पुढे गेल्या. प्रकल्प संपला की उपकरणे भांडारात जमा करायची, असा नियम होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "चाचांचा हात आत्ता कुठे उघडायला लागलाय. तो काय कपाटात कुलूप लावून ठेवायचा? अनुदान थांबलं तरी रुग्णाची सोय थांबू नये, एवढी अट तुम्हीच घाला."

समिती परत गेली. उत्तर यायला कित्येक महिने लागले. मध्यंतरी एका खासगी कंपनीने सगळे काम उचलायची तयारी दाखवली. आराखडा मात्र त्यांच्या मालकीचा होणार होता. मग हा मोजा आपल्या माणसांना परवडणार नाही, म्हणून ताईंनी नम्रपणे नकार दिला. त्या काळात परवानगी काढून, उपकरण पिशवीत घालून त्या शनिवारी नंदुरबारहून गाडीने नवापूरला जात आणि चाचांचा सराव घेत. कधी मीही सोबत असे. तो दिवस का फसला हेही त्यांनी तिथेच शोधले: घामाने आणि धास्तीने संकेत बिघडत होते. मग टोपीचे अस्तर बदलले.

शेवटी मंजुरी आली. अनुदानाची मुदत वाढली, आणि प्रकल्प संपल्यावरही रुग्णांकडे उपकरण ठेवून त्याची दुरुस्ती करण्याची तरतूद झाली. पत्र वाचून ताई हसल्या, एवढेच म्हणाल्या, "चला, उद्या कामाला लागू." त्यांच्या अपयशाच्या नोंदी आज कुणीही मागून वाचू शकतो. दुसऱ्या जिल्ह्यातले विद्यार्थी त्याच वाचायला लोणखेड्याला येतात.

येत्या साठाव्या वाढदिवसाला ताईंना ओवाळण्यासाठी यूसुफचाचांनी सागवानी पाट पाठवला आहे. सोबत निरोप आहे: "ताईले सांगा, एक कड जराशी खडबडीत शे. ती मी उजवा हातघाई घासेल शे." म्हणजे ती कड त्यांनी उजव्या हाताने घासली आहे.

त्या पाटावर ताई बसतील तेव्हा आम्हा सगळ्यांचे हात जोडलेले असतील. ताई, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरीच्या औक्षणालाही हाच पाट मांडण्याचे भाग्य आम्हाला लाभो.