विटांचं गाळ

जर्मनीत, डार्मश्टाटला, भाड्याच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. किचनमध्ये मी बाह्या सावरून मोदकाच्या सारणाला हात घालणार, तेवढ्यात मंडळाच्या काकूंनी आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव. मग गावात घर कुठे? "बौद्धवाड्यात."

"अगं, राहू दे मग. नैवेद्याचं आहे. तू बाहेर खुर्च्या लाव ना."

सोवळं म्हणे! सुपरमार्केटातला खोबऱ्याचा कीस, इलेक्ट्रिकची शेगडी, आणि काकू जीन्समध्ये. मी गुमान साठ खुर्च्या लावल्या. लावल्या याचीच अजून चीड येते.

आरतीनंतर मला माझ्या पीएचडीवर बोलायचं होतं. सतराव्या शतकातला एक इंग्रज कवी-नाटककार. सावत्र बाप गवंडी. यानं स्वतः विटा रचल्या, लॅटिन पचवलं, राजदरबारासाठी नाटकं लिहिली. तरी जळणारे म्हणायचेच, जा, थापी घे हातात. नाटकं जाडजूड ग्रंथात छापली तर तेव्हाही हसले.

माझे आबा, म्हणजे वडील, तेही गवंडी. आई घमेली उचलायची. चार वर्षं या माणसावर लिहीत होते, पण प्रोफेसरनं विचारलं, विषय कसा सुचला, तर "लायब्ररीत सापडला" म्हणून ठोकून द्यायचे. कॉलिंग कार्डावर फोन करून आबांना सांगायचे, इंग्रजीचं शिकतेय. बास.

काकूंचे यजमान जवळच्या एश्बॉर्न गावात आयटीत. माझे कागद चाळत म्हणाले, "हे विटाबिटांचं तेवढं गाळ. सणासुदीला कशाला? दरबाराचं सांग. आल्झो, तर मग, दहा मिनिटं."

मी मान डोलावली. सवयच तशी.

उभी राहिले. "हा कवी दरबारात..." आणि जीभ अडली. पावणेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा बाप लपवायला निघाले होते मी. स्वतःचा तर केव्हाच लपवला होता. शरम वाटली. मग संताप आला.

"हा गवंडी होता," मी म्हणाले. "माझे वडीलही गवंडी आहेत. आणि मघाशी काकूंनी मला नैवेद्याला हात लावू दिला नाही. जात कळली म्हणून."

"इथे जातपात कुठे आणतेस?" काका ओरडले.

"मी नाही आणली. किचनमध्ये आधीच होती."

टाळी एकही नाही. जेवायलाही कोणी थांब म्हटलं नाही. ट्राममध्ये रडले, रागानं.

परदेशात सगळं मागं पडतं म्हणे. डोंबलाचं पडतं! आता आडनाव विचारलं की गाव, वाडा, बापाचा धंदा, सगळं मीच आधी सांगते. मग हटत नाही. समोर उभी राहून विचारते, "तुम्हाला हे कशाला हवं होतं, ते सांगा." उत्तर येईपर्यंत तिथंच उभी राहणार.