माहीत असूनच घेतलं घरात

टॉवरच्या लॉबीत मॅडमनी माझा दंड धरला. पोलीस उभे. वॉचमन, ड्रायव्हर, इतर घरांतल्या कामवाल्या, सगळे बघत होते.

"हिनेच लपवलंय त्या बांगलादेशी बाईला," मॅडम म्हणाल्या. "ह्या लोकांना कितीही जवळ करा, शेवटी जातीवर जातात."

परळच्या त्या टॉवरमध्ये मॅडमकडे मी स्वयंपाक करायचे. सलमा भांडी-लादी करायची. ती सीमेपलीकडून आलीय हे मॅडमना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर स्वस्तात मिळाली. तेव्हा कायदा आठवला नाही. बांगलादेशींची धरपकड सुरू झाली तेव्हा आठवला. सलमाला आठवा महिना होता. नवऱ्याला आधीच पकडून नेलेलं. मॅडमनी तिला दारातूनच परत पाठवलं, खोलीमालकाने सामान बाहेर फेकलं.

मी तिला घोडपदेवला, आमच्या चाळीत आणलं.

माझा नवरा म्हणाला, "अगं, आपण बाबासाहेबांची माणसं. कायदा आहे म्हणून ताठ उभे आहोत. तोच मोडायचा?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी एवढंच म्हटलं, "तिचे पाय बघ."

सुजून टम्म झाले होते. मग त्यानेच पाणी तापत ठेवलं.

सलमा कळशीला हात लावायची नाही. लांबून विचारायची, "दीदी, पानी लूँ?" माझी आई गावाला विहिरीपाशी अशीच उभी राहायची. कुणीतरी वरून ओतेल म्हणून. आता माझ्या घरात कुणीतरी तशी उभी होती. मी कळशी उचलून तिच्याजवळ ठेवली.

तर, लॉबीतून पोलिसांनी मला गाडीत घातलं. चाळीत नेलं. सलमा दारातच हात जोडून उभी राहिली.

"साहब, दीदी को कुछ मालूम नहीं. मैंने झूठ बोला, कलकत्ता की हूँ करके."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसतं गप्प राहायचं होतं. सुटले असते. पण जिच्याकडे काहीच उरलं नव्हतं ती मला वाचवत होती. आणि मी मान खाली घालायची?

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "मला सगळं माहीत होतं. मीच आणलं तिला."

सलमाने कपाळावर हात मारून घेतला. "क्यूँ, दीदी?"

पोलिसांनी तिला नेलं, चप्पलही घालू दिली नाही.

जामिनावर सुटल्यावर मी चौकीवर तिचं विचारायला गेले. "तू तिची कोण?" म्हणाले. काय सांगणार? बाळ झालं का, कुठे झालं, जगलं का. काही कळलं नाही. जेवताना घास फिरतो तोंडात.

आता केस माझ्यावर आहे. मॅडमवर नाही. 'आम्हाला काय माहीत,' म्हणाल्या, सुटल्या. वकील म्हणतो, "तुम्हीही तेवढंच म्हणा."

नाही म्हणणार. कायदा मानते म्हणूनच कोर्टात खोटं बोलणार नाही. शिक्षा दिली तर भोगीन. पण दारात आलेल्या पोटुशीला हाकल म्हणणारा कायदा मी मोडला, आणि पुन्हा मोडणार. जज्जसाहेबांना तोंडावर सांगणार. माहीत होतं. माहीत असूनच घेतलं घरात.